दोन ठोक्यांच्या मध्ये

स्लेयर या अमेरिकन मेटल बँडचा 'रेन इन ब्लड' हा अल्बम १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये आला. दहा गाणी, आणि सगळी मिळून जेमतेम २९ मिनिटं. कॅसेट काढताना पंचाईत झाली, कारण अख्खा अल्बम एकाच बाजूला मावत होता. मग दुसऱ्या बाजूलाही तोच भरून टाकला. कॅसेट संपली की रिवाइंड करायची भानगड नाही, नुसती उलटायची, की पुन्हा 'एंजल ऑफ डेथ'ची ती सुरुवातीची किंकाळी. मला विचाराल तर रॉक संगीताच्या इतिहासात गिऱ्हाइकाला याहून प्रामाणिक माल कुणी दिलेला नाही.

पुढे त्याची नवी सीडी निघाली तेव्हा शेवटी दोन जादा गाणी जोडली गेली. मूळ अल्बम 'रेनिंग ब्लड'च्या शेवटी कोसळणाऱ्या पावसात संपतो. गिटार, ड्रम, सगळं एका क्षणात गायब होतं आणि मागे नुसता पाऊस उरतो. अर्धा तास हाणामारी ऐकून कान बधिर झालेले असतात, त्यामुळे तो पाऊस साध्या पावसासारखा वाटतच नाही. त्यावर आणखी एक गाणं चिकटवणाऱ्याला या अल्बमातलं काही कळलेलं नसावं. किंवा सगळं कळलं असावं, पण डब्यावर 'जादा गाणी' असं छापायचं असावं.

मेटल आणि हार्ड रॉकच्या अल्बमांबद्दल माझी मतं बरीच आहेत आणि मित्रांच्या मते त्यातली निम्मी चुकीची आहेत. पण इतकी वर्षं ऐकून एक मत पक्कं होत गेलंय. या संगीताचं वजन आवाज जिथे थांबतो तिथे असतं. कुणी किती जोरात वाजवलं, किती वेगात वाजवलं, गायक किती वर गेला, हे सगळं मोजता येतं म्हणून लोक त्याबद्दल भांडतात. रिफमधली, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या तुकड्यामधली, मोकळी जागा मोजायला कुणी जात नाही. मी मात्र नवा अल्बम हाती आला की आधी तीच शोधतो.

एसी-डीसीचा 'बॅक इन ब्लॅक' घ्या. हा अल्बम मेटलमध्ये बसतो की हार्ड रॉकमध्ये या वादात मला रस नाही. १९८० च्या फेब्रुवारीत त्यांचा गायक बॉन स्कॉट गेला, अवघ्या ३३ व्या वर्षी. काही आठवड्यांत त्यांनी ब्रायन जॉन्सनला घेतलं, बहामाजमधल्या नासाऊच्या स्टुडिओत जाऊन रेकॉर्डिंग केलं आणि जुलैअखेर काळ्या वेष्टनातला अल्बम दुकानात होता. सुरुवात घंटेनं होते. ती घंटा इंग्लंडमधल्या लफबरोच्या ओतशाळेत बनलेली, सुमारे एक टनाची. आधी तिथल्याच एका मनोऱ्यातल्या घंटेचा आवाज टिपायचा प्रयत्न झाला, पण प्रत्येक ठोक्याला आत बसलेले पक्षी फडफडत उडायचे आणि रेकॉर्डिंगमध्ये पंखांचा आवाज यायचा. शेवटी बँडसाठी म्हणून ओतलेली घंटाच वाजवली. एका ठोक्याची आस पूर्ण विरेपर्यंत दुसरा ठोका न टाकण्याची हिंमत हवी, आणि ती यांच्यात होती.

आणि मग अल्बमच्या नावाचं गाणं. हाय-हॅटवर, म्हणजे ड्रमच्या जोड-झांजेवर, मोजणी होते, गिटारच्या तारांवर हात दाबून टकटक होते, आणि मग तो रिफ. मोजून तीन कॉर्ड. ई, थांबा. डी, थांबा. ए, थांबा. जगातल्या प्रत्येक शिकाऊ गिटारवाल्याला तो रिफ येतो आणि बहुतेकांचा चुकतो, कारण ते कॉर्ड वाजवतात पण थांबा वाजवत नाहीत. माल्कम यंग हा तो थांबा वाजवणारा माणूस. धाकटा भाऊ अँगस शाळेचा गणवेश घालून स्टेजभर नाचायचा, सोलो वाजवायचा, सगळे फोटो त्याचे. माल्कम मागे अॅम्पला चिकटून उभा. जाड तारा, आणि डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाला दिलेली खरखर, इतकं कमी की कॉर्डमधला एकेक सूर वेगळा ऐकू यावा. चूक लपवायला जागाच नाही. बाजूला फिल रड, जो ड्रमवर एक ठोका जास्तीचा मारत नाही. पट्टीचे ड्रमर त्याला हसायचे आणि मग घरी जाऊन तसं वाजवायचा प्रयत्न करून गप्प बसायचे.

हा अल्बम आमच्या चिंचवडच्या घरात टेपवर वाजत असताना बाबा सेकंड शिफ्टला निघायच्या आधी पेपर वाचत बसलेले असायचे. माझ्या बाकीच्या कॅसेटी लागल्या की ते गुपचूप उठून आतल्या खोलीत जायचे. या कॅसेटला मात्र बसून राहायचे. एकदा मी विचारलं, "हे आवडतं का तुम्हाला?" पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "हा थांबतो तरी. तुझे बाकीचे थांबतच नाहीत."

बाबा प्रेस शॉपला होते. शहरातल्या अर्ध्या घरांत तेव्हा कुणी ना कुणी कंपनीत, आणि कंपनीत म्हणजे मशिनवर. पॉवर प्रेस ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. वर पंच, खाली डाय, मध्ये पत्रा. पायडल दाबलं की काही टनांचा दाब खाली येतो, धाडकन, आणि पत्र्याचा भाग तयार. पंच वर जातो. तेवढ्या वेळात तयार भाग काढायचा, नवा पत्रा सरकवायचा, हात बाहेर, पायडल. शिफ्टभर हेच. लांबून ऐकणाऱ्याला तो धाडकन आवाज भयंकर वाटतो. पण प्रेसवर बसलेल्याला त्या आवाजाची भीती नसते, कारण आवाज झाला म्हणजे ठोका पडून गेला. भीती असते मधल्या वेळाची, हात आत असतानाच्या त्या दीड-दोन सेकंदांची. आमच्या शेजारच्या काकांची दोन बोटं त्याच मधल्या वेळात गेली होती, पेरापासून. ते आम्हा पोरांना बोटांचा खेळ करून हसवायचे. आम्हीही हसायचो.

त्यामुळे ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारवाला टोनी आयोमीची गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा ती मला रॉकमधली दंतकथा वगैरे वाटलीच नाही. ती आमच्या गल्लीतली वाटली. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यातला सतरा वर्षांचा वेल्डर, नोकरीचा शेवटचा दिवस, प्रेसवरचा माणूस आला नाही म्हणून याला बसवलं. उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. आयोमी डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा तो हाच हात. घरी पडून असताना कारखान्यातल्या वरिष्ठानं त्याला जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची रेकॉर्ड ऐकवली, आणि ऐकून झाल्यावर सांगितलं की हा माणूस दोनच बोटांनी वाजवतो. मग यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर जुन्या जाकिटाचं चामडं लावलं, बँजोच्या बारीक तारा गिटारला चढवल्या.

एवढं सगळ्यांना माहीत असतं. पुढे लोक घाई करतात आणि सांगतात की म्हणून त्यानं तारा सैल केल्या आणि म्हणून मेटल जन्माला आलं. इतकं सरळ नाही ते. 'ब्लॅक सॅबथ' आणि 'पॅरानॉइड', १९७० मधले दोन्ही अल्बम, नेहमीच्याच सुरात लावलेल्या गिटारवर आहेत. तारा तीन अर्धस्वरांनी खाली आल्या त्या १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी'वर. म्हणजे तारा सैल होण्याआधीच पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं इतकं जड होतं. ते जडपण कुठून आलं?

ते गाणं पावसानं आणि चर्चच्या घंटेनं सुरू होतं. मग तीन सूर. खालचा सा, वरचा सा, आणि मग तीव्र मध्यम. सा आणि तीव्र मध्यमातलं हे अंतर पश्चिमेत सैतानाचं म्हणून बदनाम आहे आणि मेटलवरच्या प्रत्येक लेखात ते येतंच. ते वाचून मला नेहमी हसू येतं. आपल्याकडे ज्यानं गाणं शिकायला सुरुवात केली त्या प्रत्येक पोरानं यमनात तो तीव्र मध्यम आळवलाय, संध्याकाळी, उदबत्तीच्या वासात. कुणाला सैतान दिसला नाही. मग आयोमीचा तीव्र मध्यम घाबरवतो का? कारण यमनात तो पंचमाकडे जातो, त्याला घर असतं. आयोमी त्याला कुठेच नेत नाही. तो सूर थरथरवत तिथेच सोडून देतो, बिल वॉर्डचे ड्रम मागून गडगडतात, आणि तुम्ही वाट पाहत राहता. मग पुन्हा तेच तीन सूर. तुमचा हात आत आहे आणि पंच वर आहे.

हा अख्खा अल्बम १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या एका स्टुडिओत एका दिवसात रेकॉर्ड झाला. मुलांना वाटलं एक दिवस म्हणजे चिक्कार झाला. रोजच्या कार्यक्रमात वाजवत होते तेच समोर वाजवलं आणि पुढच्या कार्यक्रमाला निघाले. चुका आहेत. गीझर बटलरचा बास मध्येच भलतीकडे जातो. 'वॉर्निंग'मधला सोलो इतका लांबतो की मी अजूनही कधीकधी पुढे ढकलतो. पण खोलीतली हवा ऐकू येते. 'मास्टर ऑफ रिअॅलिटी' मला त्याहून थोर वाटतो. ३४ मिनिटांत 'चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह' आणि 'इनटू द व्हॉइड' एकाच अल्बमवर, आणि मध्ये 'सॉलिट्यूड'सारखं बासरीचं गाणं. मेटलचा एकच अल्बम वाचवा असं सांगितलं तर मी हा उचलेन आणि बाकीच्यांची माफी मागेन. ५ जुलै २०२५ ला, बर्मिंगहॅममधल्या व्हिला पार्कवर चौघं मूळ मेंबर शेवटचे एकत्र वाजवले. गायक ऑझी ऑझबर्न खुर्चीवर बसून गायला. चारच गाणी. १७ दिवसांनी तो गेला. जुन्या नोकऱ्यांमध्ये त्यानं गाड्यांचे हॉर्न सुरात लावायचं कामही केलेलं होतं, हे मला स्टेजवर वटवाघळाचं डोकं चावण्यासारख्या त्याच्या सगळ्या प्रकरणांपेक्षा जास्त लक्षात राहतं.

त्याच पट्ट्यातला बँड जुडास प्रीस्ट. त्यांचा 'ब्रिटिश स्टील' एप्रिल १९८० चा, आणि त्या वर्षी जानेवारीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत ब्रिटनमध्ये पोलाद कामगारांचा देशव्यापी संप चालू होता. बँडचा गिटारवाला ग्लेन टिप्टन स्वतः कधीकाळी ब्रिटिश स्टील या पोलाद कंपनीत उमेदवारी केलेला. तरी अल्बमचं रेकॉर्डिंग झालं ते बीटल्सच्या रिंगो स्टारच्या बंगल्यात, टिटनहर्स्ट पार्कला. 'मेटल गॉड्स'मध्ये यंत्रमानव चालत येतात त्या पावलांसाठी त्यांनी स्वयंपाकघरातला काट्या-चमच्यांचा ट्रे हलवलाय. 'ब्रेकिंग द लॉ'मधली काच म्हणजे फोडलेल्या दुधाच्या बाटल्या. हे कळल्यावर गाणं लहान होईल असं वाटलं होतं, उलट मला ते जास्तच आवडायला लागलं. दहा वर्षांनंतरचा 'पेनकिलर' तंत्रात कितीतरी पुढचा आहे, स्कॉट ट्रॅव्हिसचे ड्रम म्हणजे मशिनगनच. लोक त्याला त्यांचा सर्वोत्तम म्हणतात. मला तो ऐकून दमायला होतं. त्यातली एकही ओळ मला श्वास घेऊ देत नाही.

मोकळी जागा खरोखरची, म्हणजे विटामातीची, रेकॉर्ड करता येते हे लेड झेपलिनवाल्यांनी दाखवलं. चौथ्या अल्बममधल्या 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'साठी त्यांनी हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या वाड्यात जिन्याच्या खाली बॉनहॅमचे ड्रम मांडले आणि माइक वरच्या मजल्यावरून लोंबकळत सोडले. ड्रमच्या तोंडाशी माइक नाहीच. तुम्ही ऐकता तो ठोका जिना चढून आलेला असतो. १९७१ चं ते गाणं आजही कुठल्याही थ्रॅश, म्हणजे सुसाट वेगाच्या मेटल, अल्बमपेक्षा जड वाटतं, आणि त्यात वेग म्हणाल तर बैलगाडीचा. (याच झेपलिनचे पेज आणि प्लँट १९७२ मध्ये मुंबईत आले होते आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' रेकॉर्ड केली. ते रेकॉर्डिंग अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. ऐकून माझं मत: तबला-सारंगीवाले आरामात आहेत, गोंधळलेत ते पाहुणे.)

डीप पर्पलचं सगळ्यांना ठाऊक असतं. डिसेंबर १९७१, स्वित्झर्लंडमधलं माँत्रो, फ्रँक झापाच्या कार्यक्रमात कुणीतरी फ्लेअर, म्हणजे इशाऱ्याचा जळता गोळा, उडवला आणि कॅसिनो जळाला, त्यावर 'स्मोक ऑन द वॉटर'. कमी लोकांना माहीत असतं ते त्यानंतरचं. हिवाळ्यात बंद पडलेल्या हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये गाद्या लावून त्यांनी 'मशीन हेड' रेकॉर्ड केला आणि रेकॉर्डिंगची गाडी बाहेर उभी. वाजवलेलं ऐकायचं तर खोल्या, बाल्कन्या ओलांडत थंडीत गाडीपर्यंत जायचं. त्याचा त्यांना इतका कंटाळा आला की त्यांनी ऐकणंच सोडलं. बरं वाजलं का? वाजलं. चला पुढे. तो मोकळेपणा 'लेझी'मध्ये जाणवतो. तरी मला विचाराल तर या बँडचा खरा अल्बम स्टुडिओतला नाहीच. १९७२ च्या ऑगस्टमध्ये ओसाका आणि टोकियोत तीन रात्री वाजवलेला 'मेड इन जपान' तो. त्यातलं 'चाइल्ड इन टाइम' बारा मिनिटांच्या वर जातं, म्हणजे लांबी म्हणून वाईट असं माझं म्हणणं नाही. जॉन लॉर्डचा ऑर्गन एकटा, गिलनचा आवाज अगदी हळू, ड्रम नुसते काठाला लागतात. प्रेक्षक खोकलेले ऐकू येतील इतकं शांत. त्या शांततेचं व्याज तो पुढच्या किंकाळ्यांमध्ये वसूल करतो.

हीच गोष्ट मी मुंबईत डोळ्यांनी पाहिली. १ फेब्रुवारी २००८, वांद्रे-कुर्ला संकुलाचं मैदान, आयर्न मेडन. त्यांच्या जागतिक दौऱ्याचा पहिला कार्यक्रम मुंबईत, आणि गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः बोइंग ७५७ चालवत बँडला घेऊन आलेला. काळ्या टी-शर्टांचा महापूर. गुवाहाटीपासून कोचीपर्यंतची पोरं, शिलाँगची पोरं तर दोन दिवस रेल्वेत बसून आलेली. त्या रात्री 'द राइम ऑफ द एन्शंट मॅरिनर' वाजलं, १९८४ च्या 'पॉवरस्लेव्ह'मधलं, कोलरिजच्या कवितेवरचं, तेरा मिनिटांहून लांब. मध्यावर सगळं थांबतं. वारा पडलाय, जहाज समुद्रात अडकलंय, खलाशी मेलेत. गिटार नाही, ड्रम नाही. नुसता स्टीव्ह हॅरिसचा बास, आणि दोरखंड-लाकडाची करकर. मैदानभर काळोख. माझ्या बाजूला एक कॉलेजकुमार मित्राला म्हणाला, "संपलं काय?" पुढच्या रांगेतल्या टक्कल पडलेल्या गृहस्थांनी मागे वळून त्याच्याकडे असं पाहिलं, जसं मैफलीत बडा ख्याल चालू असताना चहा मागणाऱ्याकडे पाहतात. मग बास वर चढत गेला, डिकिन्सन किंचाळला, गिटार आत आल्या, आणि तो कॉलेजकुमार उड्या मारताना मी पाहिला. त्यांचे अलीकडचे अल्बम मी विकत घेतो, निष्ठा म्हणून. 'द बुक ऑफ सोल्स' ९२ मिनिटांचा आहे. त्यात लांबी आहे पण असं जहाज अडकत नाही कुठे. सतत वल्हवणं चालू.

सीडी आली आणि घोळ सुरू झाला असं माझं निदान आहे. तबकडीची एक बाजू वीस-बावीस मिनिटांची, त्यामुळे निवड करावीच लागायची. सीडीत ७४ आणि पुढे जवळपास ८० मिनिटं. जागा आहे म्हटल्यावर सामान वाढतंच. गन्स अँड रोझेसचा 'अॅपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन' १९८७ चा, त्यात एक गाणं टाकाऊ नाही. १९९१ मध्ये त्यांनी एकाच दिवशी 'यूज युअर इल्युजन'चे दोन अल्बम काढले, मिळून अडीच तासांचे. त्यात एक उत्तम अल्बम दडलेला आहे हे आमच्या पिढीतल्या प्रत्येकाला मान्य आहे, फक्त तो कुठल्या गाण्यांचा यावर एकमत नाही.

लांबीपेक्षा वाईट रोग म्हणजे आवाजाची उंची. हे जरा समजावून सांगावं लागेल. सीडीच्या आवाजाला एक छत असतं, त्याच्या वर काही जात नाही. पूर्वी मास्टरिंग, म्हणजे रेकॉर्डिंगवरचा शेवटचा हात फिरवणारा माणूस साधं वादन छताच्या बरंच खाली ठेवायचा आणि जोराचे ठोकेच तेवढे छताला लागायचे. नव्वदीत कंपन्यांच्या डोक्यात बसलं की आपली सीडी शेजारच्या सीडीपेक्षा मोठ्यानं वाजली पाहिजे. मग कॉम्प्रेसर, म्हणजे मोठ्या-लहान आवाजातला फरक कमी करणारं यंत्र, लावून हळू भाग उचलत उचलत छताला नेऊन चिकटवले. ठोक्याला वर जायला जागाच उरली नाही, तो चपटा झाला. मेटॅलिकाचा २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक' याचं कुप्रसिद्ध उदाहरण. गाणी चांगली, वादन चांगलं, आणि ऐकताना स्पीकर फाटलाय की काय म्हणून मी मागून वायरी तपासल्या. गंमत अशी की तीच गाणी 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेमसाठी न दाबता दिलेली होती. चाहत्यांनी ती काढून ऐकली, शेजारी शेजारी लावून तुलना केली आणि अल्बम पुन्हा मिक्स करा म्हणून हजारोंनी सह्यांचा अर्ज केला. बँडनं मनावर घेतलं नाही. मी अजून गेमवालाच ऐकतो.

मेटॅलिकावर मी जास्त बोलतो कारण दुखतं तिथेच. 'मास्टर ऑफ पपेट्स' (१९८६) हा माझ्या लेखी थ्रॅशचा कळस. अल्बमच्या नावाच्या गाण्यात मध्यावर ती दोन गिटारची संथ, जवळजवळ करुण धून येते, आणि तिच्यामुळेच आधीचा आणि नंतरचा मारा सोसवतो. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्वीडनमध्ये बस उलटून बासवाला क्लिफ बर्टन गेला, २४ वर्षांचा. त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला आणि पुढच्या 'अँड जस्टिस फॉर ऑल'मध्ये त्याचा बास मिक्सिंगमध्ये इतका खाली ओढला की तो आहे हे समजुतीनंच घ्यावं लागतं. आता कुणी म्हणेल, तुला मोकळी जागा आवडते ना, घे की. पण ठरवून सोडलेली जागा वेगळी आणि माणूस उठून गेल्यावर राहिलेली वेगळी. तो अल्बम मला नेहमी पोटात काही नसल्यासारखा वाटतो. 'वन' सोडून.

आपल्याकडच्या बँडबद्दल लिहिताना हात आखडता घ्यायची पद्धत आहे, कौतुकच करायचं म्हणून. मी पुण्याहून मुंबईला जाऊन धोबीतलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक ऐकलेल्या पिढीतला आहे. १९८६ पासून चाललेला तो महोत्सव, उघडं नाट्यगृह, आणि पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांनी तिथले कार्यक्रम बंद पडले. तेव्हाच्या रॉक मशीनचा 'रॉक अँड रोल रेनेगेड' १९८८ चा. आज ऐकला की केस फुगवलेल्या अमेरिकन बँडांचा वास येतो. पण तेव्हा आपल्या माणसांनी स्वतःची गाणी रेकॉर्डवर आणली याचंच अप्रूप होतं. तोच बँड इंडस क्रीड झाल्यावर २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' घेऊन आला तो कितीतरी सरस. मुंबईचे भयानक मौत मला प्रिय, एकतर संगीतासाठी आणि दुसरं म्हणजे त्यांचा टी-शर्ट धुवायला टाकला तेव्हा आईनं तो दोन बोटांत धरून वाचला आणि म्हणाली, "हे गच्चीवर वाळत नको घालूस, बायका विचारतात." डीमॉनिक रिझरेक्शनचा 'दशावतार' (२०१७) मोठ्या हिकमतीचा अल्बम आहे, प्रत्येक अवताराला एक गाणं, पण कीबोर्ड सगळीकडे भरून राहतो. नरसिंह खांबातून बाहेर येण्याआधी क्षणभर तरी काहीच वाजू नये असं मला वाटतं. दिल्लीचे ब्लडीवुड ढोल घेऊन जर्मनीच्या वाकेन मेटल महोत्सवापर्यंत गेले, आनंद आहे, रेकॉर्डपेक्षा स्टेजवर पाहावेत.

आणि लांबीबद्दल मी एवढा ओरडतो तर स्लीप या कॅलिफोर्नियाच्या बँडचा 'डोपस्मोकर' माझ्या कपाटात कसा, असं मित्र विचारतात. ६३ मिनिटांचं एकच गाणं. रेकॉर्ड कंपनीनं ऐकून हात वर केले होते, त्या रूपात तो बाहेर यायला २००३ उजाडलं. पण त्यात दोन कॉर्डच्या मध्ये चहा करून येता येतो. माझ्या हिशेबात ते लहान गाणं आहे.

या मित्रांशी सध्या चालू असलेलं भांडण 'लोड'वरचं आहे. मेटॅलिकाचा १९९६ चा अल्बम, केस कापले, सूर बदलला, म्हणून लोकांनी शिव्या घातल्या. केसांशी मला कर्तव्य नाही. माझी तक्रार आहे ती ७९ मिनिटांची. १४ गाण्यांनी सीडी इतकी काठोकाठ भरली की शेवटचं 'द आउटलॉ टॉर्न' मावेना, म्हणून त्याची शेवटची मिनिटभराची शेपटी कापली. पूर्ण रूप नंतर वेगळ्या सिंगलवर आलं. आता बघा, त्या अख्ख्या अल्बममध्ये जर कुठे बास एकटा चालतो, गिटार वाट पाहते आणि गायक हेटफिल्ड ओळीनंतर गप्प राहतो, तर ते याच गाण्यात. त्याला कात्री लावली, आणि '२ बाय ४', 'क्युअर', 'पुअर ट्विस्टेड मी', 'वेस्टिंग माय हेट', 'थॉर्न विदिन' ही पाचही गाणी ऐटीत शाबूत. मी ती पाच काढून, 'आउटलॉ टॉर्न' पुरं लावून माझी यादी केली आहे. एक मित्र म्हणतो 'रॉनी'ही काढ. दुसरा म्हणतो 'थॉर्न विदिन' परत घे, नाहीतर माझ्या गाडीत बसू नकोस. 'रॉनी'वर माझी तडजोडीची तयारी आहे.